हात ढिला नव्हता

रायफलीतून रिकामी पुंगळी बाहेर पडली नाही, की दोष बोल्ट ओढणाऱ्या हाताचा, असं मी नोकरीतली बरीच वर्षं मानत होतो. नुसतं मानत नव्हतो, तसंच शिकवत होतो आणि त्याच समजुतीवर मुलांची पारख करत होतो. आता माझं मत बदललं आहे. ते कशानं बदललं, हे मांडायला हवं असं वाटतं, कारण माझ्यासारखं शिकवणारे अजून आहेत आणि त्यांच्यासमोर दरवर्षी नवी मुलं येऊन उभी राहतात.

शिरूर तालुक्यातल्या एका कॉलेजात मी शिकवायचो आणि जोडीला एनसीसीचं काम पाहायचो. मुलं मांडवगण फराट्याची, न्हावऱ्याची, निमोण्याची, तळेगाव ढमढेऱ्याची. घरी ऊस नाहीतर कांदा, आणि डोळ्यांसमोर भरती. आमच्या भागात वर्दी ही काही लांबची गोष्ट नाही. दौंडला राज्य राखीव पोलीस बलाचे ५ आणि ७ क्रमांकाचे गट आहेत, जवळच नानवीजला पोलीस प्रशिक्षण केंद्र आहे. सकाळी रस्त्याच्या कडेनं पळणारी पोरं दौंडपासून शिरूरपर्यंत कुठंही दिसतात. लष्करभरतीत एनसीसीच्या प्रमाणपत्राला गुण मिळतात, हे त्यांना पहिल्या दिवसापासून पाठ असतं. अशा मुलाच्या हातात खरी रायफल पहिल्यांदा येते ती एनसीसीतच. ती असते .२२ ची बोल्ट-अॅक्शन रायफल आणि समोर पंचवीस यार्डांवर टार्गेट. आडवं पडून गोळी झाडायची, बोल्ट उचलायचा, मागे ओढायचा, पुढे ढकलायचा, खाली पाडायचा, पुन्हा नेम धरायचा. मुलाला कायम आठवत राहील असा तो दिवस असतो. म्हणूनच त्या दिवशी त्याला काय ऐकावं लागतं, याला फार महत्त्व आहे.

माझ्या जुन्या मताला आधार नव्हता असं नाही. गोळी उडाली की दाबानं पितळेची पुंगळी फुगते आणि चेंबरच्या भिंतीला घट्ट बसते. वायू मागच्या मागे सुटू नये म्हणून ती तशी बसायलाच हवी. दाब उतरला की पितळ किंचित आक्रसतं आणि पुंगळी सैल होते. मग बोल्टच्या तोंडावरची नखी, म्हणजे एक्स्ट्रॅक्टर, तिच्या काठाला धरून तिला मागे आणते. मागे येता येता पुंगळीची दुसरी बाजू इजेक्टरवर आपटते आणि ती गिरकी घेऊन बाहेर पडते. इजेक्टर जागेवर पक्का बसवलेला असतो. त्याला स्वतःचा जोर नसतो, जोर येतो तो ओढणाऱ्या हाताचा. बोल्ट अर्धवट किंवा भीतभीत ओढला, तर पुंगळी इजेक्टरपर्यंत पोचत नाही, किंवा पोचली तरी उडत नाही, तिथंच लोळत राहते. तेवढ्यात मुलगा बोल्ट पुढे ढकलतो, नवा राउंड त्या पुंगळीला अडतो आणि सगळं जाम होतं. हे मी डोळ्यांनी कैक वेळा पाहिलं होतं. नवखा हात बोल्टला बिचकतो, ही गोष्ट खरीच आहे.

पण एका खऱ्या कारणाला मी सगळ्या प्रसंगांचं एकमेव कारण करून टाकलं होतं. पुंगळी अडकली की माझ्या तोंडून एकच वाक्य निघायचं, ‘हात ढिला आहे तुझा, जोरात ओढ.’

मांडवगणाकडचा एक मुलगा होता. अंगानं बारीक, बोलायला कमी, पण कवायतीत नेमका. वार्षिक फायरिंगला त्याच्या रायफलीत पहिल्या राउंडपासून पुंगळी अडायला लागली. दुसऱ्या राउंडला बोल्ट मागे आला, पण पुंगळी चेंबरातच राहिली. मी सगळ्यांसमोर त्याला बोललो. घरी भाकरी मिळत नाही का, इथपर्यंत बोललो. त्यानं उरलेले राउंड दात-ओठ खाऊन मारले. प्रत्येक वेळी बोल्टशी झगडावं लागत असेल तर नेम कसा राहणार? टार्गेटवरची छिद्रं इकडेतिकडे विखुरली. भरतीच्या कामाला येणारा हा मुलगा नव्हे, असं मी मनात ठरवून टाकलं. पुढच्या तुकडीत त्याच रायफलीवर एक धिप्पाड मुलगा आडवा पडला, ऊसतोडीत हात घोटलेला. त्याचीही पुंगळी अडकली. तेव्हा मात्र मला काय म्हणावं ते सुचलं नाही.

रिकाम्या पुंगळ्या मोजून परत जमा कराव्या लागतात, एकही खिशात घालून नेता येत नाही. त्या रायफलीच्या पुंगळ्या वेगळ्या काढून मी मोबाइलवर त्यांचे जवळून फोटो काढले आणि त्याच आठवड्यात न्हावरे-चौफुला रस्त्यानं दौंडला गेलो. तिथं माझ्या ओळखीचे एक निवृत्त आर्मोरर राहतात. उभी हयात कोतमध्ये, म्हणजे शस्त्रागारात, काढलेला माणूस. सगळे त्यांना नाना म्हणतात, मीही नानाच म्हणतो.

नानांनी चष्मा लावला, फोटो मोठे करून बराच वेळ पाहिले आणि मला विचारलं, ‘सर, पोराचा हात ढिला होता म्हणताय, मग हा काठ कुणी फाडला?’

मी पुन्हा पाहिलं. पुंगळीच्या काठावर नखी बसते तिथं पितळ ओरबाडून निघालं होतं. नखीनं काठ धरला होता, मुलानं जीव लावून ओढलं होतं, आणि पुंगळी हलेना म्हणून नखी काठ फाडून सुटली होती. हलक्या हातानं ओढलं असतं तर नखी सुटण्याआधी हातच थांबला असता, पितळ फाटलं नसतं. मी ज्याला ढिला हात म्हणालो होतो, त्या हाताच्या जोराचा पुरावा माझ्याच मोबाइलमध्ये होता.

मग त्यांनी दुसरी गोष्ट दाखवली. प्रत्येक पुंगळीच्या अंगावर एक बारीक उभा ओरखडा होता, आणि प्रत्येकीवर तो फायरिंग पिनेच्या ठशाच्या बरोबर रेषेत सुरू होत होता. .२२ च्या काडतुसात पेटवणारा मसाला बुडाच्या मध्यभागी नसतो, काठाच्या आतल्या घडीत भरलेला असतो. त्यामुळे पीन मध्यावर न मारता काठावर मारते. चेंबरात काडतूस असेल तर तो मार पितळ झेलतं. चेंबर रिकामं असताना खटका दाबला, तर पीन चेंबरच्या तोंडाच्या लोखंडी कडेवर बसू शकते. एकदा-दोनदा बसल्यानं फारसं बिघडत नाही. वर्षानुवर्षं बसत राहिली की तिथं खळगा पडतो, आणि दबलेलं लोखंड आतल्या बाजूला, चेंबरात, उचलून येतं. ते टोक नुसत्या बोटाला जाणवणारही नाही इतकं लहान असतं. पण फुगलेली पुंगळी त्याच्यात रुतते आणि सुटताना ओरखडा घेऊन येते.

‘ही रायफल वर्गात किती वाजवता?’ नानांनी विचारलं.

उत्तर मला ठाऊक होतं. वर्गात नेम शिकवताना, खटका हळू कसा दाबायचा ते शिकवताना मी दर वर्षी प्रत्येक मुलाकडून रिकाम्या रायफलीचा खटका पुन्हा पुन्हा दाबून घ्यायचो. ‘खाली कर’च्या कवायतीतही शेवटी खटका दाबला जातो, तो एक दाब समजण्यासारखा आहे. पण मी सरावासाठी म्हणून जे टकटक करून घेत होतो, त्याला काही मोजमाप नव्हतं. शिस्त म्हणून मी जे करून घेतलं, त्यानंच ती रायफल बिघडायला हातभार लावला होता, आणि त्याचा दंड तो बारीक पोरगा भरत होता.

पुढे ती रायफल अधिकृत आर्मोररनं तपासली. बॅटरी आणि भिंग घेऊन चेंबरचं तोंड पाहिलं, तेव्हा नानांनी फोटोवरून सांगितलेल्या जागीच उचललेली कड सापडली. ती पुन्हा जागेवर दाबून नीट करायला वेगळं हत्यार लागतं. कानस घेऊन तिथं कुणी हात चालवू नये, कारण चेंबर एकदा वाढलं की कमी करता येत नाही. नखीखालीही मेण, काजळी आणि न जळलेल्या दारूचे कण यांचा थर बसलेला होता. .२२ च्या शिशाच्या गोळीला वंगण लावलेलं असतं. ते काजळीत मिसळून चेंबरच्या तोंडाशी आणि नखीच्या खाचेत जमतं. आमची साफसफाई म्हणजे पुलथ्रूच्या दोरीला चिंधी लावून ती नळीतून ओढणं. नळी आरशासारखी लखलखायची आणि शाबासकी मिळायची, पण नखीखालची खाच कुणी उघडून पाहत नव्हतं. तपासणीत अधिकारी नळीतून डोळा लावून पाहतात, म्हणून मुलंही नळीच घासतात. मीही तेवढंच पाहत आलो होतो.

दौंडच्या त्याच भेटीत नानांनी आणखी एक गोष्ट सांगितली. त्यांचं स्वतःचं शिक्षण .३०३ वर झालेलं. ली-एनफिल्ड, बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यात बनलेली, आणि तिचे राउंड पुण्याच्या खडकी दारूगोळा कारखान्याचे. हा कारखाना १८६९ पासूनचा. .३०३ ची पुंगळी बुडाकडे जाड आणि तोंडाकडे निमुळती, म्हणून थोडी हलली की सुटते. तरीही तिच्यात पुंगळी अडायची, आणि अडली की लोक धावायचे ते इजेक्टर स्क्रूकडे. बॉडीच्या डाव्या भिंतीत तो एक छोटा स्क्रू असतो. तो झिजला, बदला, असं फर्मान सुटायचं. नाना म्हणाले, उमेदवारीत त्यांच्या उस्तादांनी तो स्क्रू काढून ठेवला आणि बोल्ट ओढून दाखवला, तरी पुंगळी टणकन उडाली. बोल्ट मागे येताना पुंगळीचं बूड डाव्या भिंतीला घासत येतं, उजवीकडून एक्स्ट्रॅक्टर तिला स्प्रिंगच्या जोरावर धरून असतो, आणि तोंड चेंबरातून मोकळं झालं की ती उजवीकडे फेकली जाते. स्क्रू जोडीला असतो, मुख्य काम स्प्रिंगचं. ती स्प्रिंग दमली किंवा नखीखाली घाण साठली, की नवा स्क्रू घालूनही गुण येत नाही. ‘दिसतंय तेच लोक बदलतात,’ नाना म्हणाले. .३०३ च्या त्या इवल्याशा स्क्रूवर आणि माझ्या कॅडेटच्या हातावर एकाच सवयीनं ठपका आला होता.

घरी परतल्यावर मी याविषयी वाचायला लागलो. आपल्याकडे मुलावर येतो तसा ठपका मोठ्या सैन्यांत सैनिकावर कसा आला, हे तेव्हा कळलं. पहिल्या महायुद्धात कॅनडाच्या तुकड्या रॉस नावाची बोल्ट-अॅक्शन रायफल घेऊन फ्लँडर्सच्या चिखलात उतरल्या. नेमबाजीच्या मैदानावर ती अचूक, पण तिचं चेंबर घट्ट होतं, आणि ब्रिटिश बनावटीच्या काडतुसांची मापं त्यामानानं सैल. १९१५ च्या एप्रिलमध्ये इप्रच्या लढाईत पुंगळ्या अडकू लागल्या. समोरून शत्रू येत असताना सैनिक बुटाच्या लाथेनं बोल्ट उघडत होते. अनेकांनी ती टाकून पडलेल्या ब्रिटिश सैनिकांच्या ली-एनफिल्ड उचलल्या. तरी तिकडचे मंत्री सॅम ह्यूज रॉसची बाजू सोडायला तयार नव्हते, आणि १९१६ उजाडल्यावरच ती आघाडीवरून पूर्णपणे हटली.

व्हिएतनाममधल्या एम-१६ ची गोष्ट याहून कडू. ती बोल्ट-अॅक्शन नव्हे, पण दुखणं तेच. पुंगळी चेंबरात अडायची आणि नखी काठ फाडून रिकामी मागे यायची. जवान रायफल साफ करत नाहीत, असं सांगितलं गेलं. १९६७ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या आयकर्ड समितीनं चौकशी केली. निघालं असं, की दारूचा प्रकार मधेच बदलला होता, चेंबरला क्रोमचा मुलामा दिलेला नव्हता, आणि साफसफाईचं सामान व शिकवण जवानांपर्यंत धड पोचलेलीच नव्हती. मुलामा दिला, सामान दिलं, सुधारणा केल्या, मग तीच रायफल चालू लागली. सैनिकांचे हात आधी होते तेच नंतरही होते.

हे वाचताना मला वाईट वाटलं. त्या तरुणांपैकी कितीतरी जण हातातली रायफल उघडण्याच्या खटपटीत मेले. माझ्या मैदानावर कुणाचा जीव गेला नाही, पण एका मुलाच्या मनावर शिक्का बसला आणि तो मी मारला होता.

काही सहकाऱ्यांना माझा हा बदल पटत नाही. त्यांचं म्हणणं असं, की मुलांना सबब दिली की ती सबबच सांगत बसतील. लढाईत रायफल बिघडलीय म्हणून शत्रू थांबत नाही, जाम झालेली रायफल मोकळी करता येणं हेही प्रशिक्षणच. यातला दुसरा भाग मला मान्य आहे. बोल्ट पूर्ण मागे, एका दमात, न कचरता ओढायला मी आजही कुणी विचारलं तर शिकवतो. हाताचा दोष असतोच, पण तो सिद्ध करावा लागतो. त्याची खूण साधी आहे. पुंगळी सुटून मागे आली, काठ शाबूत आहे, पण बाहेर न पडता लोळतेय, तर आधी मुलाचा हात पाहावा. पुंगळी चेंबरातच राहिली, काठ फाटला किंवा अंगावर ओरखडा दिसला, तर मुलाला बाजूला घेऊन शाबासकी द्यावी आणि रायफल बाजूला ठेवावी. एकाच रायफलीवर दोन वेगळ्या मुलांना तोच त्रास झाला, तर चर्चेचं कारण उरत नाही. एकाच मुलाला दोन रायफलींवर झाला, तर मात्र त्याच्यासोबत बसून बोल्टचा सराव करावा. सगळ्या रायफलींवर एकदम सुरू झाला, तर राउंडची पेटी तपासायला पाठवावी. इतकं सोपं वर्गीकरण मी इतकी वर्षं केलं नाही, कारण मला ते करायची गरजच वाटली नव्हती. बोलायला मुलगा समोर होता.

वर्गातली टकटक मी बंद केली. बोल्ट चालवण्याचा सराव डीपी रायफलींवर करून घेऊ लागलो, त्या कवायतीसाठीच असतात. खटक्याच्या सरावासाठी चेंबरात डमी राउंड घालायला लावला, आणि डमी आहे याची खात्री शिकवणाऱ्यानं स्वतःच्या डोळ्यांनी आणि बोटांनी करायची, असा नियम घातला. सफाईच्या दिवशी दात घासायच्या जुन्या ब्रशनं बोल्टचं तोंड आणि नखीची खाच साफ करायची सवय लावली. चेंबर तेलकट ठेवून गोळी झाडायची नाही, हेही बजावलं. तेल असलं की पुंगळी भिंतीला धरत नाही आणि सगळा धक्का मागे बोल्टवर येतो. सुटसुटीत निघावी म्हणून चेंबरला तेल चोपडणारे मी पाहिले आहेत, तो उपाय धोक्याचा आहे.

मैदानावर पुंगळी अडली तर मुलानं काय करावं, तेही पक्कं ठरवलं. नळी टार्गेटकडेच ठेवायची, बोट खटक्यावरून काढायचं, हात वर करायचा. शिकवणाऱ्यानं आधी पाहायचं, की आत आहे ती रिकामी पुंगळी आहे की न उडालेला राउंड. गोळी उडालीच नसेल तर थोडा वेळ थांबायचं, कारण उशिरा पेट घेणारा राउंड असू शकतो. नळीतून गज घालून ढकलायचं काम आर्मोररचं, आणि तेही आत रिकामी पुंगळीच आहे याची खात्री झाल्यावर. चाकू, खिळा, पेचकस चेंबराजवळ नेऊ द्यायचा नाही.

१ ऑगस्ट २०२४ ला कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन्स रायफलमध्ये कांस्यपदक मिळवलं, तेव्हा आमच्या तालुक्यातली पोरं मोबाइलवर त्याचे व्हिडिओ पाहत होती. तेव्हा रेल्वेत तिकीट तपासनीस असलेला मराठी मुलगा, आणि हातात .२२ चीच रायफल. त्याच्या आधी कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंतनं २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये जगज्जेतेपद मिळवलं होतं. त्या रायफलींची किंमत आणि आमच्या रायफलींची किंमत यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे, हे मला कळतं. पण काठावर मारणारी पीन, फुगणारं पितळ आणि नखी, हे तिथंही तेच. त्या पातळीवरचा नेमबाज गोळी भरकटली तर आधी हत्यार, राउंड आणि वारा तपासतो, मग स्वतःला. एवढा मान खेड्यातल्या मुलालाही मिळायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

त्या मुलाची मी वर्गासमोर माफी मागितली. सगळ्यांसमोर बोललो होतो, म्हणून माफीही सगळ्यांसमोर. त्याला पुढच्या फायरिंगला दुसरी रायफल दिली आणि त्यानं चांगली मारली.

एनसीसीचं काम पाहणाऱ्या शिक्षकांना आणि पोलीस, राखीव दलात नव्या जवानांना शिकवणाऱ्या उस्तादांना माझी विनंती आहे. फायरिंगच्या आधी प्रत्येक रायफलीचा एक्स्ट्रॅक्टर, त्याची स्प्रिंग आणि चेंबरचं तोंड आर्मोररकडून तपासून घ्या. मैदानावर एक वही ठेवा. पुंगळी अडकली, की तिच्यात आधी रायफलीचा नंबर लिहा आणि पुंगळीचा काठ पाहा. मुलाचं नाव त्यानंतर.